खेळता खेळता स्क्रीन काळी, पंखे सुसाट: ग्राफिक कार्ड गेलं की दुसरंच काही?

यंत्रमागवाला
नमस्कार मंडळी. तंत्रविभागात पहिलाच धागा. जागा चुकली असेल तर संपादकांनी हलवावा.

मशीन असं आहे: रायझन ५ ५६००एक्स प्रोसेसर, १६ जीबी रॅम, ६५० वॅटचा ब्रॉन्झ एसएमपीएस (मशीनला वीज पुरवणारा डबा, जुन्या मशीनमधलाच) आणि आता सेकंडहँड घेतलेलं आरटीएक्स ३०८० ग्राफिक कार्ड, १० जीबीवालं. जोडणी इथे इचलकरंजीतल्याच एका दुकानात करून घेतली.

दुखणं असं. गेम मस्त चालतो आणि मधेच स्क्रीन काळी होते. मॉनिटर म्हणतो सिग्नल नाही. कार्डचे पंखे एकदम पूर्ण वेगाने ओरडायला लागतात. आवाज मात्र चालूच. डिस्कॉर्डवर पोरं काय बोलतात ते ऐकू येतं, माझंही त्यांना जातं. शेवटी पॉवरचं बटण दाबून धरायचं, दुसरा इलाज नाही. कधी दहा मिनिटांत होतं, कधी अख्खी संध्याकाळ काही नाही.

गंमत म्हणजे फरमार्क (कार्डाला घाम फोडणारी चाचणी) अर्धा तास लावला तरी कार्डाला ढिम्म फरक पडत नाही. ७४ अंशांवर निवांत. त्यामुळे विकणारा म्हणतो, "कार्ड ठणठणीत आहे, बाकी तुमचं तुम्ही बघा." विंडोजच्या इव्हेंट व्ह्यूअरमध्ये (चुकांच्या नोंदवहीत) कर्नल-पॉवर ४१ च्या नोंदींची रांग लागली आहे. परत करायची मुदत संपत आली. जाणकारांनी प्रकाश टाकावा, घरात आधीच अंधार आहे.

शिंगरू
फॉरमॅट मारा. निम्मे आजार तिथेच जातात.

रात्रपाळी
आणि उरलेले निम्मे फॉरमॅट मारल्यानंतर सुरू होतात.

मिलिव्होल्ट
फॉरमॅटची घाई नको. आधी मशीन नेमकं कसं मरतंय ते बघू.

कर्नल-पॉवर ४१ चा अर्थ एवढाच, की विंडोज नीट बंद झालं नाही. तुम्ही बटण दाबून बंद केलं, त्याची ती नोंद. कारण त्यात सापडत नाही. त्याच्या आधीच्या मिनिटाभरातल्या नोंदी बघा. 'डिस्प्ले' नावाखाली ४१०१ असेल तर ड्रायव्हरने मान टाकली आणि विंडोजने त्याला पुन्हा उठवलं. कार्डाकडून दोन सेकंद उत्तर आलं नाही की विंडोज हे करतं. 'व्हीआ-लॉगर (WHEA-Logger) १८' दिसलं तर बोट प्रोसेसरकडे किंवा रॅमच्या सेटिंगकडे. निळी स्क्रीन आली तर तिच्यावरचा आकडा लिहून ठेवा, ११६ असेल तर परत ड्रायव्हर-कार्ड हीच जोडी.

तुमचं प्रकरण वेगळं वाटतंय. मशीन जिवंत आहे, आवाज चालू आहे, फक्त कार्ड गायब. पंखे पूर्ण वेगाने, म्हणजे कार्डावरचं नियंत्रण सुटलेलं. कार्डाला क्षणभर पुरेशी वीज मिळाली नाही की असं होतं. दोन प्रश्न: कार्डाला आठ पिनांची किती तोंडं आहेत? आणि एसएमपीएसमधून तिथपर्यंत किती वायरी गेल्यात?

कोकणकडा
मिलिव्होल्ट यांच्याशी सहमत, पण ड्रायव्हरची पाटी आधी कोरी करा. त्यात पैसे जात नाहीत. इंटरनेट काढा, सेफ मोडमध्ये जा, डीडीयू (जुना ड्रायव्हर मुळापासून पुसणारं सॉफ्टवेअर) चालवा, मग एनव्हिडियाच्या साइटवरून आधीच उतरवून ठेवलेला ड्रायव्हर टाका. इंटरनेट चालू ठेवलंत तर तुम्ही साफ करेपर्यंत विंडोज अपडेट स्वतःच्या पसंतीचा ड्रायव्हर टाकून मोकळं होतं.

आणि आफ्टरबर्नरमध्ये (कार्डाचा वेग-वीज बदलायचं सॉफ्टवेअर) वेग वाढवायला काही 'मसाला' घातलेला असेल तर सगळं मूळ जागी आणा.

रात्रपाळी
इव्हेंट व्ह्यूअरमध्ये 'एनव्हीएलडीडीएमकेएम' (एनव्हिडियाच्या ड्रायव्हरचं नाव) अशी नोंद सापडली तर ते नाव एका दमात म्हणून दाखवणाऱ्याला माझ्याकडून मिसळ.

पाना-पक्कड
मी स्पष्ट बोलतो, राग मानू नका. ३०८० सेकंडहँड म्हणजे खाणीतून आलेलं कार्ड. १५ सप्टेंबर २०२२ ला इथेरियमचं मायनिंग बंद झालं आणि बाजारात अशा कार्डांचा पूर आला. चिपला काही होत नाही, पण या कार्डावरची जीडीडीआर६एक्स मेमरी भयंकर तापते. फरमार्कमध्ये तुम्ही बघितलेले ७४ अंश चिपचे. एचडब्ल्यूइन्फो (मशीनचे तापमान-व्होल्टेजचे आकडे दाखवणारं सॉफ्टवेअर) उतरवा आणि 'मेमरी जंक्शन' अशी ओळ शोधा. ती ११० ला टेकत असेल तर कार्ड स्वतःच वेग कमी करतं. मेमरीचा ताप हीटसिंककडे नेणारे पॅड वाळून खडखडीत झाले असणार. कार्ड परत करा.

सुग्रण_गेमर
पाना-पक्कड, नुसत्या मेमरीच्या तापाने अशी स्क्रीन जात नाही हो. आधी चित्रावर ठिपके, चौकोन, रंगीबेरंगी रेघा येतात. नाहीतर वेग पडतो. धागाकर्त्यांनी तसलं काही लिहिलेलं नाही.

माझ्याकडे वेगळीच भानगड होती. कार्ड उभं दिसावं म्हणून रायझर केबल (कार्ड आणि बोर्ड जोडणारी पट्टी) लावली होती. केबल पीसीआय एक्सप्रेसच्या पिढी ३ ची, कार्ड आणि बोर्ड ४ चे. दोघं ४ च्या वेगाने बोलायला जायचे आणि केबलला ते झेपायचं नाही. डेस्कटॉपवर तासन्‌तास काही नाही, गेम लावला की गचका. बायोसमध्ये (बोर्डाच्या स्वतःच्या सेटिंगमध्ये) जाऊन तो स्लॉट 'ऑटो'वरून 'जेन ३' केला आणि विषय संपला. फ्रेममध्ये (सेकंदाला किती चित्रं, त्यात) जाणवण्याइतका फरक पडला नाही. रायझर नसली तरी हे करून बघा, फुकट आहे. कार्ड एकदा काढून परत नीट बसवा. खाली लोंबकळत असेल तर आधार द्या.

आजोबांचा पेंटियम
आमच्या काळात ग्राफिक कार्डाला वेगळी वायर लागत नव्हती.

बरं, विनोद सोडा. घरात अर्थिंग आहे का? तीन पिनांचं सॉकेट आहे म्हणजे अर्थिंग आहे असं नसतं. वायरमन तिसऱ्या भोकात नुसती वायर खोचून जातात, ती पुढे कुठेच गेलेली नसते. चालू मशीनच्या कॅबिनेटच्या उघड्या पत्र्यावर हात फिरवला आणि झिणझिण्या आल्या तर समजा. मल्टिमीटर असेल तर फेज-न्यूट्रल आणि न्यूट्रल-अर्थ मोजून घ्या, दुसरा आकडा एक-दोन व्होल्टच्या आसपास पाहिजे. मोजता येत नसेल तर मोजायला माणूस बोलवा, उगाच बोटं घालू नका.

आणि मशीन यूपीएसवर असेल तर एकदा सरळ भिंतीवर लावून बघा. घरगुती यूपीएस बॅटरीवर गेला की साइन वेव्हऐवजी पायऱ्या-पायऱ्यांची लाट देतो. ॲक्टिव्ह पीएफसीवाल्या (आत येणारी वीज सुधारून घेणाऱ्या) एसएमपीएसला ती कधी कधी मानवत नाही.

यंत्रमागवाला
सगळ्यांचे आभार. एकेक सांगतो.

डीडीयू करून ड्रायव्हर टाकला. फरक नाही. आधीच्या नोंदींत एनव्हीएलडीडीएमकेएम आहे (मिसळ राखून ठेवा), व्हीआ-लॉगर नाही. रायझर नाही. जेन ३ केलं, तरी काल रात्री गेलं. मेमरी जंक्शन १०२-१०४ ला जातं, ११० ला नाही. अर्थिंग वायरमनकडून मोजून घेतलं, ठीक आहे म्हणाला. यूपीएस काढला, तरी तेच.

आता मिलिव्होल्ट यांचा प्रश्न. कार्डाला आठ पिनांची दोन तोंडं आहेत. एसएमपीएसमधून एकच वायर निघते आणि तिच्याच टोकाला दोन कनेक्टर आहेत, एकापुढे एक. दुकानदाराने तीच दोन्हीकडे लावून दिली.

मिलिव्होल्ट
झालं. माझा संशय तिथेच आहे. जरा सविस्तर लिहितो.

स्लॉटमधून ७५ वॅट, आठ पिनी कनेक्टरमधून १५० वॅट, हे ठरलेले आकडे. ३०८० ची मर्यादा ३२० वॅटची. म्हणजे तुमची ती एकटी वायर एका कनेक्टरच्या हिशोबापेक्षा कितीतरी जास्त वाहून नेते. जळेल असं नाही, पण वायरीत आणि पिनांत व्होल्टेज पडतं, आणि भार वाढेल तसं आणखी पडतं.

पण खरी मेख ३२० च्या आकड्यात नाही. तो सरासरीचा आकडा आहे. या पिढीची कार्डं मिलिसेकंदाच्या आत चारशेच्या बऱ्याच वर उसळी मारतात आणि परत खाली येतात. विहिरीवरची मोटर चालू करताना घरातला दिवा क्षणभर मान टाकतो ना, तसं. जुन्या एसएमपीएसच्या आखणीत या उसळ्यांचा हिशोब फारसा नव्हता. म्हणून तर २०२२ मध्ये एसएमपीएससाठी एटीएक्स ३.० हे नवं मानक आलं, त्यात १०० मायक्रोसेकंदांपर्यंत दुप्पट भार सोसण्याची अट घातली. एनव्हिडियानेही ३०८० साठी ७५० वॅट सांगितलेत, ६५० नाही. ८० प्लस ब्रॉन्झचा इथे काही संबंध नाही. तो शिक्का विजेची बचत सांगतो, उसळी सोसायची ताकद नव्हे.

आता फरमार्कचं कोडं. फरमार्क कार्डाला सतत एकसारखा भार देतं. कार्ड आपल्या मर्यादेला जाऊन टेकतं, वेग कमी करतं आणि तिथेच बसतं. वर-खाली होतच नाही. गेममध्ये उलट. लोडिंग संपलं, दार उघडलं, मेन्यू आला की फ्रेम दोनशे-तीनशेवर, परत शहर आलं की साठवर. त्या प्रत्येक वळणावर उसळी. काळी स्क्रीन नेमकी कधी येते ते आठवून बघा.

हे तपासायचं कसं? एचडब्ल्यूइन्फोमध्ये या कार्डाच्या '८-पिन इनपुट व्होल्टेज'च्या ओळी दिसतात. लॉग चालू करून खेळा. १२ व्होल्टला पाच टक्क्यांची सूट असते, म्हणजे ११.४० च्या खाली जाता कामा नये. एवढं लक्षात ठेवा, की एचडब्ल्यूइन्फो दोन सेकंदांनी एकदा वाचतं, खरी उसळी त्याला दिसणारच नाही. पण सरासरीच खाली बसलेली असेल तर ती लपत नाही.

आणि एक फुकटचा प्रयोग: फ्रेमला ६० ची मर्यादा घाला, आफ्टरबर्नरमध्ये पॉवर लिमिट ७० टक्क्यांवर आणा आणि खेळा. स्क्रीन गेली नाही तर कार्ड परत करायची गरज नाही.

शिंगरू
एवढं वाचेपर्यंत माझं फॉरमॅट मारून झालं असतं.

परसातला सर्व्हर
स्टुटगार्टहून लिहितोय. धागाकर्त्यांचा प्रोसेसर रायझन आहे, म्हणून त्यांना लागू नाही. पण शोधत शोधत इथे येणाऱ्यांसाठी: ग्राफिक कार्डाच्या नावाने ओरडणारी प्रत्येक चूक कार्डाची नसते.

२०२४ मध्ये इंटेलच्या तेराव्या-चौदाव्या पिढीचा घोळ झाला तेव्हा अनरियल इंजिनच्या गेममध्ये 'व्हिडिओ मेमरी संपली' असा निरोप यायचा. २४ जीबीच्या कार्डावर! लोक कार्डं बदलत बसले. खरं दुखणं प्रोसेसरचं होतं. गेम सुरू होताना शेडरची (चित्र रंगवणाऱ्या छोट्या प्रोग्रॅमची) पोतडी उलगडायची असते, ते काम प्रोसेसर करतो. तो उलगडताना चुकला की गेम बिचारा म्हणतो मेमरी नाही. आणखी एक खूण: एनव्हिडियाचा ड्रायव्हर टाकतानाच फाइल उलगडत नाही, खराब आहे म्हणतो.

इंटेलने ऑगस्ट २०२४ मध्ये ०एक्स१२९ आणि सप्टेंबरमध्ये ०एक्स१२बी हे मायक्रोकोड (प्रोसेसरच्या आतली दुरुस्ती, बायोसबरोबर येणारी) दिले, वॉरंटीही दोन वर्षांनी वाढवली. मात्र झिजलेला प्रोसेसर मायक्रोकोडने बरा होत नाही, बदलूनच घ्यावा लागतो. त्या पिढीचा डेस्कटॉप आय७ किंवा आय९ असेल तर आधी बायोस बघा, मग कार्डाला शिव्या द्या.

कोकणकडा
वाचनखूण साठवली. जाता जाता, ३०८० बाजारात आलं तेव्हाही, सप्टेंबर २०२० मध्ये, गेममधून धाडकन डेस्कटॉपवर फेकलं जायचं. कार्डामागचे कपॅसिटर कुठल्या जातीचे, यावर महिनाभर काथ्याकूट चालला होता. ४५६.५५ ड्रायव्हर आला आणि बहुतेकांचं थांबलं. तेव्हा ड्रायव्हरला अगदीच हलक्यात घेऊ नका.

पाना-पक्कड
थांबवलं ते बूस्टचं (कार्ड स्वतःहून वेग वाढवतं त्याचं) वागणं बदलून. म्हणजे शेवटी उसळीच आवरली. मिलिव्होल्ट यांचाच मुद्दा आला ना फिरून.

सुग्रण_गेमर
पाना-पक्कड सहमत झाले! धागा वाचनखुणेत टाकते.

वायर_आणि_वेलदोडा
एक धोक्याची सूचना. दुसरी वायर हवी म्हणून दुसऱ्या एसएमपीएसची वायर आणून खोचू नका. मॉड्युलरमध्ये (वायरी सुट्या होणाऱ्या एसएमपीएसमध्ये) कार्डाकडचं टोक सगळ्यांचं सारखं, पण एसएमपीएसकडच्या टोकाची पिनांची मांडणी प्रत्येक कंपनीची वेगळी, कधी कधी एकाच कंपनीच्या दोन मालिकांची वेगळी. आकार बसतो, खट्‌कन आवाज येतो आणि १२ व्होल्टच्या जागी ग्राउंड. एका ओळखीच्याच्या दोन हार्ड डिस्क अशाच गेल्या. मूळ खोक्यातलीच वायर वापरा.

आजोबांचा पेंटियम
+१. आणि बारीक, चपटी, 'अडॅप्टर' म्हणून विकतात ती, दोन मोलेक्स (जुन्या चार पिनी) कनेक्टरांवरून आठ पिन करणारी, ती तर घरातही आणू नका.

यंत्रमागवाला
अपडेट.

६० ची मर्यादा आणि ७० टक्के पॉवर लावून शनिवार-रविवार दोन्ही दिवस खेळलो. एकदाही गेलं नाही. मर्यादा काढली, शंभर टक्के केलं, सोमवारी रात्री मेन्यूतून नकाशा उघडला आणि गेलं. नकाशा उघडताना, इन्व्हेंटरी बंद करताना, हे आठवलं तर बहुतेक वेळा असंच झालंय. डिस्कॉर्डवरच्या पोरांनीही तेच सांगितलं, "तू नकाशा बघतो म्हणालास की जातोस."

लॉग बघितला. रिकामं असताना ८-पिनचं व्होल्टेज १२.०५ च्या आसपास. खेळताना ११.५ आणि बऱ्याचदा ११.३ च्या घरात. शेवटच्या ओळीत ११.२८, त्यानंतर कार्डाच्या सगळ्या रकान्यांत शून्य, प्रोसेसरचे आकडे मात्र पुढे चालूच. ते बघून अंगावर काटा आला राव.

एसएमपीएसच्या खोक्यात दुसरी मूळ वायर पिशवीत बंद सापडली. दोन तोंडांना दोन वेगळ्या वायरी लावल्या. आता खेळताना ११.६ च्या खाली जात नाही. काळी स्क्रीन खूप कमी झाली, पण पूर्ण गेली नाही. परवा एकदा अख्खं मशीनच खटकन बंद पडून परत चालू झालं. हे नवीनच.

मिलिव्होल्ट
नवीन असलं तरी ओळखीचं आहे. आधी वायरीत व्होल्टेज पडल्यामुळे कार्ड आधी मरायचं. आता वायर नीट झाली, तर उसळी सरळ एसएमपीएसपर्यंत पोचते आणि त्याचं संरक्षण मशीनची वीज तोडतं. ७५० किंवा ८५० चा चांगला घ्या. वॅटचा आकडा एवढाच बघू नका, नामांकित ठिकाणी चिरफाड करून तपासलेलं मॉडेल घ्या. तोपर्यंत पॉवर लिमिट ८० वर ठेवा.

रात्रपाळी
म्हणजे वायर दुरुस्त केल्यावर रोग पुढच्या खोलीत गेला.

सुग्रण_गेमर
पॉवर लिमिटपेक्षा अंडरव्होल्ट (तोच वेग कमी व्होल्टेजवर) बरं. आफ्टरबर्नरच्या आलेखात ८५० मिलिव्होल्टवर १८०० मेगाहर्ट्झच्या आसपास बांधून बघा. बऱ्याच ३०८० ला ते झेपतं, फ्रेम जेमतेम कमी होतात आणि वॅट चांगले खाली येतात. प्रत्येक चिप वेगळी, तेव्हा सुरुवातीला थोडं सैल ठेवा. अंडरव्होल्ट केल्यावर गेम नुसता बंद होऊन डेस्कटॉपवर आलात तर तो एसएमपीएसचा दोष नाही, तुम्ही फार आवळलंत.

शिंगरू
८५० वॅट! विजेचं बिल कोण भरणार?

वायर_आणि_वेलदोडा
८५० चा एसएमपीएस ८५० खात नाही हो, मशीनला लागेल तेवढंच देतो. ही शंका दर धाग्यात येते, हलकेच घ्या.

यंत्रमागवाला
८५० चा आला, एटीएक्स ३.० वाला. दोन वेगळ्या वायरी, पॉवर लिमिट शंभर, फ्रेम मोकळ्या. मुद्दाम नकाशा उघड-बंद करत बसलो, पोरं वैतागली. व्होल्टेज ११.९ च्या खाली नाही. मशीन एकदाही गेलेलं नाही. कार्ड ठेवतोय, विकणाऱ्याला तसं कळवलं.

जुना ६५० टाकून द्यायचा की कशाला लावता येईल? आणि मेमरी जंक्शन अजून १०४ आहेच. पाना-पक्कड, पॅड बदलायचे का?

आजोबांचा पेंटियम
जुना ग्राफिक कार्ड नसलेल्या ऑफिसच्या मशीनला लावा, दोनशे वॅटच्या आत तो सुखाने जगेल. विकणार असाल तर घेणाऱ्याला सगळं सांगून विका.

पाना-पक्कड
१०४ म्हणजे तातडी नाही, पण उन्हाळ्यात इचलकरंजीत ते ११० ला भिडणार. आत्ता कॅबिनेटच्या पुढे पंखा वाढवा आणि अंडरव्होल्ट करा, पाच-सात अंश तिथेच उतरतील.

पॅड बदलायचेच असतील तर जाडी अंदाजाने घेऊ नका. त्याच ३०८० वर एका कंपनीचे पॅड एका जाडीचे, दुसरीचे दुसऱ्या, आणि पुढच्या-मागच्या बाजूचेही वेगळे. अर्धा मिलिमीटर जाड घेतले तर हीटसिंक चिपवर टेकतच नाही, मग मेमरी थंड आणि चिप शंभरावर. तुमच्या कार्डाचं पूर्ण मॉडेल टाका इथे, मागच्या स्टिकरवर असतं. उघडताना हीटसिंक झटक्यात ओढू नका, पंख्यांच्या आणि दिव्याच्या बारीक वायरी आतून बोर्डाला लावलेल्या असतात.

यंत्रमागवाला
स्टिकरचा फोटो संध्याकाळी टाकतो. आधी पंखा बसवून बघतो.

रात्रपाळी
आणि एनव्हीएलडीडीएमकेएम एका दमात म्हणल्याचा ऑडिओ पाठवा. कोल्हापुरी मिसळ की पुणेरी, यावर वेगळा धागा काढू.

सुग्रण_गेमर
तो धागा संपादकांनी आत्ताच कुलूप लावून ठेवावा.